डिलाइटची नोंदवही: शनिवारवाड्यासमोरचे ऐंशी मिनिटं

मंडळी, मागच्या नोंदीत माझ्या जुन्या फियाटचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून टेबलावर मांडून ठेवला होता. आज सांगायचंय ते थेट जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या पहिल्या दिवसाचं. मधल्या चार महिन्यांत टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) यांची फट सेट केली, ठिणगीसाठी लागणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, चारही चाकांच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरच्या किट बदलल्या, रेडिएटर आतून साफ करून आणला. पेट्रोल लाइनचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) मात्र मुद्दाम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घेतले. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा चुरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) जाऊन बसतो. ज्यांनी अजून बदललं नसेल त्यांनी आधी हे करा, पॉलिश नंतर.

नव्या मंडळींसाठी: गाडी १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली.

पहाटे साडेपाचला घरून निघताना आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. शनिवारवाड्यासमोर पोचलो तेव्हा दिल्ली दरवाजापुढे रांगोळीत चक्क एक ऑस्टिन सेव्हन काढलेली, मडगार्डच्या गोलाईसकट. खरी ऑस्टिन सेव्हन तिच्या शेजारी उभी. शिवाय मॉरिस मायनर, लँडमास्टर, दोन विलीज जीप, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. उजाडता उजाडता ढोल-ताशा सुरू झाला आणि मला खरंच भरून आलं. सहा वर्षं ही गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती.

गर्दीतून एक काका आले. मुंबईत कालीपीली चालवायचे म्हणाले. बॉनेटकडे न बघता नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, “टॅपेट जरा मोकळे ठेवलेत, बरं केलंत. वाजणारा टॅपेट परवडतो, दबलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.” पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. काकांनी जाताना दाराच्या हँडलवरून हात फिरवला. पुढे काही बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं. माझ्या मते जुन्या गाडीची परीक्षा घाटात होत नाही, ती सुरुवातीच्या सोहळ्यात होते. झेंडे वयाच्या क्रमाने दाखवत होते, सगळ्यात म्हातारी गाडी आधी. माझा नंबर तेविसावा. रांग दर मिनिटाला चार पावलं सरकायची, त्यामुळे इंजिन बंद करायची सोय नाही. आपला पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) तो हळू, वॉटर पंपही हळू, आणि समोरून वारा शून्य. त्यात स्वागतवाल्या मुलांनी प्रेमाने ग्रिलवर मनगटाएवढी जाड झेंडूची माळ बांधलेली. मी वेगळा बसवलेला टेम्परेचरचा काटा ८२ अंशांवरून बघता बघता ९८ ला गेला. पंधरावी गाडी सुटली तेव्हा माझी गाडी मिसिंग करायला (ठोके चुकवायला) लागली.

कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नव्हतं. पेट्रोलचा पंप इंजिन ब्लॉकलाच बोल्टने बसलेला, ब्लॉक तापला की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. बॉनेट उघडलं, फडकं बाटलीच्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळलं, माळ सोडून बाजूला केली. चार मिनिटांत इंजिन सरळ झालं. मग चोकाला हात न लावता ॲक्सिलरेटर किंचित दाबून आरपीएम वाढवून ठेवला. पंखा जोरात फिरला, पाणी फिरलं, डायनमोचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) लाल दिवाही विझला. तोपर्यंत हेडलाइट आणि हॉर्न सगळे बॅटरीवरच चालले होते, कारण डायनमो आयडलिंगला चार्ज करत नाही. उत्साहात हॉर्न वाजवताना हे लक्षात ठेवा.

एक सूचना: वाफेचा त्रास टाळायला पंप आणि ब्लॉकच्या मधला स्पेसर (तुकडा) जाड करायचा मोह होतो. करू नका. पंपाची लिव्हर तिला हलवणाऱ्या इंजिनच्या कॅमपासून लांब जाते, स्ट्रोक कमी होतो आणि चढावर पेट्रोल पुरत नाही. पंप आणि एक्झॉस्टच्या मधे पत्र्याचा आडोसा लावणं बरं. परतल्यावर तेच करणार आहे.

झेंडा पडला आणि शिवाजी रोडला लागलो तेव्हा दोन्ही फुटपाथ माणसांनी भरलेले. सातारा रोडला वारा लागल्यावर काटा ८४ वर आला. जुना कात्रज घाट आरामात. खंबाटकी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढलो, ९० च्या वर काटा गेला नाही.

संध्याकाळी साताऱ्यात मुक्काम. टूथब्रशने रेडिएटरच्या फिनमधून (पत्र्याच्या जाळीतून) झेंडूच्या पाकळ्या काढत बसलोय, मूठभर निघाल्या. उद्या कोल्हापूर, साडेसहाला निघायचं. माळ टाकवली नाही, मागच्या बंपरला बांधली आहे.