शिकवणाऱ्याचं स्वतःचं वाचन

रविवार, रात्री

संडे स्कूलमध्ये नुकतंच शिकवायला लागलेल्या एका मुलीने आज उपासनेनंतर विचारलं, "काका, वर्गाची तयारी करताना माझं स्वतःचं बायबल वाचन राहूनच जातं. चालेल का?" तिला हे इतक्या लवकर उमगलं याचं मला फार बरं वाटलं. कित्येकांना ते वर्षानुवर्षं उमगत नाही.

शास्त्र शिकवणाऱ्यांना मानाचा, पैशाचा मोह असतो, हे सगळेच बोलतात. मला त्याहून जास्त भीती वाटते ती या मुलीने सांगितलेल्या गोष्टीची. वचन उघडलं की लगेच मुद्दे सुचायला लागतात. हे तरुणांच्या सभेत सांगता येईल, हे अमक्याने ऐकायला हवं. वचन आपल्याशी बोलायच्या आतच आपण ते दुसऱ्याला वाटून मोकळे होतो.

बायबलच्या जुन्या करारात एज्रा या शास्त्र्याविषयी (एज्रा 7:10) लिहिलंय, त्याने नियमशास्त्राचं अध्ययन करायचं, ते पाळायचं आणि मग इस्राएलात शिकवायचं, असा निश्चय केला होता. अध्ययन आणि शिकवणं यांच्या मध्ये पाळणं आहे. ते गाळलं तरी वर्ग छान होतो, लोक "आमेन" म्हणतात, बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. म्हणूनच प्रेषित पौलासारखा माणूस करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की, दुसऱ्यांना घोषणा करून मी स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून मी आपलं शरीर ताब्यात ठेवतो. आणि याकोब तर नव्या करारातल्या आपल्या पत्रात सरळच सांगतो, तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे. हे वचन शिक्षकांच्या शिबिरात क्वचितच वाचलं जातं!

शिकवणाऱ्याला चूक कोण दाखवणार, हाही प्रश्न आहेच. एकदा माणूस पुढे उभा राहिला की मंडळी त्याला टोकत नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला अपुल्लोस बघा: आलेक्झांद्रियाचा, उत्तम वक्ता, शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. इफिसात त्याचं बोलणं ऐकून प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हे जोडपं पोटासाठी तंबू करायचं. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर खपणारे, शाळेचे गणवेश शिवणारे कितीजण मंडळीत मागच्या बाकावर बसतात. त्यांच्यातल्या एखाद्या मावशीने संदेश देणाऱ्याला बाजूला घेऊन "हे जरा पुन्हा बघा" म्हटलं, तर तो ऐकेल का? अपुल्लोसाने ऐकलं असावं, कारण पुढे ग्रीसमधल्या अखया प्रांतात त्याचा विश्वासणाऱ्यांना फार उपयोग झाला.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: वर्गाचा उतारा आठवड्याच्या सुरुवातीलाच वाच, वही बाजूला ठेवून. त्यातली एखादी गोष्ट घरी, कामावर करून बघ. वही शनिवारी उघड. आणि वर्गात शिकवलेलं घरी आईला सांगत जा, ती काय म्हणते ते ऐक.