चौथा खिळा

नाल मारताना मी बोलत नाही. माथेरानातली पोरं याला माझा तऱ्हेवाईकपणा समजतात, पर्यटकांना उद्धटपणा वाटतो. पण खिळा खुरात कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. टणक खुरातून जाणारा खिळा ठोक्यागणिक कडक वाजतो. जिव्हाळीकडे, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत मांसाकडे वळला की आवाज बसतो.

मेमधला शनिवार होता. बाहेरच्या गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर रांग लागलेली. एक पोरगा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी घेऊन आला, पुढच्या डाव्या पायाची नाल पडलेली. “मामा, पंधरा मिन्टात सोडा, गिऱ्हाईक थांबलंय.” कानाला फोन, त्यावर पॉइंटांचा भाव चाललेला. भोवती चारजण मोबाइल धरून.

पाय गुडघ्यांत घेतला तर खुराची कड पातळ, जागोजाग तुटलेली. इथल्या रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, सावरताना नाल ओढली जाते आणि खुराचा तुकडा घेऊनच निघते. लाल मातीत पाय रुतायचा, धरून राहायचा. ब्लॉक बसवायचं ठरवणाऱ्यांनी एकदा तरी असा पाय हातात धरून बघायचा होता. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तुटलेली जागा भरायला कित्येक महिने जातात. तोवर खिळा मारायचा कुठे?

खिळ्याचं टोक एका अंगाने तासलेलं असतं. ती बाजू आत ठेवायची, म्हणजे खिळा वळत वळत नालेच्या बोटभर वर बाहेर निघतो. उलटा धरला तर सरळ आत. आणि सगळे खिळे पांढऱ्या रेघेच्या बाहेरूनच; खुराच्या तळाशी टणक कड आणि आतला भाग यांच्यामध्ये ती रेघ दिसते. त्या दिवशी रेघेबाहेर गव्हाच्या दाण्याएवढीच जागा होती.

तीन खिळे छान वाजले. चौथ्याला पोरगा फोनवर मोठ्याने हसला, आणि त्यातच एक ठोका बसका वाजला. एकच. घोडीचा कान मागे वळला, खांद्याची कातडी थरथरली. एरवी मी खिळा उपटून बघतो. तेव्हा वाटलं, गलक्यामुळे तसं ऐकू आलं असेल. टोकं मुरडली, कानस फिरवली, घोडी चालती झाली.

तिसऱ्या दिवशी ती पाय पुढे टेकवून, भार न देता उभी. खूर गरम. चौथा खिळा काढला तर ओला, काळसर. डॉक्टरांनी घाण काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ऐन हंगामातले दहा दिवस पोराचे बुडाले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. गलका होता असं मी कुणालाही सांगू शकतो, पण मला तो ठोका ऐकू आला होता. स्पष्ट.

परवा तो पुन्हा आला. फोन बंद करून खिशात टाकला, जमलेल्यांना स्वतःच लांब केलं. चौथं भोक मी रिकामंच ठेवलं. घोडीने पाय मागितला तसा दिला, जराही ओढला नाही. ओढला असता तर मला बरं वाटलं असतं.