आमची वाटचाल: स्विफ्टच्या क्लचपासून बॉक्स्टरच्या बेअरिंगपर्यंत

2011 साली भोसरीत गाळा भाड्याने घेतला तेव्हा कामं ठरलेली होती: इंडिका, स्विफ्ट, टॅक्सीवाल्यांचे क्लच. पार्ट नाना पेठेतून दुपारपर्यंत हातात. पुढे आयटीतली मंडळी मुंबई-दिल्लीहून जुन्या पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे छत उघडणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या, आणू लागली. वॉरंटी कधीच संपलेली, म्हणजे बाहेरचा मेकॅनिक शोधणं आलंच. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि आमच्या दारात या बुटक्या गाड्या लागू लागल्या. लिफ्टवर घेताना चाकांखाली फळ्या सरकवायची सवय तेव्हाची.

गिऱ्हाईक विचारतं, "दादा, किती किलोमीटर चाललेली घ्यावी?" आम्ही आधी साल विचारतो. 2005 पर्यंतच्या गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँकची फिरकी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेणारा दांडा) बेअरिंग हे खरं दुखणं. सीलबंद असलं तरी आतलं ग्रीस हळूहळू धुऊन जातं. बेअरिंग निकामी झालं की टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. 2006 ते 2008च्या बहुतेक इंजिनांत ते मोठं आणि दणकट आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर येत नाही. 2009च्या मॉडेलपासून तो शाफ्टच गेला. जुन्या गाडीत हे बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच आणि क्रँकचं मागचं सील त्याच मजुरीत उरकतो. सगळं धरून आमच्याकडे अडीच-तीन लाख लागतात. नुसता क्लच बदलून बेअरिंग तसंच ठेवा म्हणणाऱ्याला आम्ही हात जोडतो.

घेण्याआधीची तपासणी हेच आता आमचं मुख्य काम. ऑइल फिल्टरच्या घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरायच्या आणि चुंबक फिरवायचं. लोखंडी चुरा चिकटला तर सौदा तिथेच थांबवा म्हणून सांगतो. पुढचा बंपर उतरवला की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कुजलेल्या पानांचा थर निघतो. तो ओला राहून अ‍ॅल्युमिनियम खातो. टायरवरचा चार आकडी कोड बघतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "फक्त पंधरा हजार चाललेली" अशी जाहिरात असली की मी जास्त सावध होतो, कारण उभ्या गाडीचे रबर, सील, बॅटरी सगळंच बसतं.

पावसाळा हा आमचा सीझन. गुलमोहराची बारीक पानं छताच्या मागच्या निचऱ्याच्या नळ्यांत अडकतात आणि पाणी सीटखाली उतरतं. तिथेच इमोबिलायझरचं (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) कंट्रोल युनिट. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. नळ्या साफ करायला आम्ही हजार रुपयेही घेत नाही. युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात.

पार्ट जर्मनी किंवा इंग्लंडहून येतात, ड्युटी वेगळी. सप्टेंबर 2025 मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. कूलंटची टाकी तडकणं, इग्निशन कॉइल जाणं ही वयाची दुखणी. दरवर्षी लाख-दीड लाख बाजूला ठेवा, असं आम्ही गाडी घेण्याआधीच सांगतो.

सिलिंडरला ओरखडे पडलेलं इंजिन मात्र आम्ही घेत नाही. कॅमेरा घालून फोटो दाखवतो, तपासणीचे पैसे घेतो आणि ते काम करणाऱ्याचा नंबर देतो.