आमची वाटचाल : दोन ओळी भोकं पाडली म्हणजे डिव्हायडेड ब्लास्ट होत नाही

शिवाजी उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप कपोला, म्हणजे कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) लोखंड वितळवायची उभी भट्टी, आणि तिला हवा देणारे ब्लोअर बनवतं. ऑइल इंजिनाच्या कास्टिंगवर वाढलेल्या कोल्हापुरात कपोला म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. सुरुवातीची वर्षं शेल (भट्टीचं पोलादी कवच) रोलिंग, इंपेलर (ब्लोअरचा पंखा) बॅलन्सिंग आणि चार्जिंगच्या, म्हणजे भट्टीत माल टाकायच्या, प्लॅटफॉर्मच्या डागडुजीत गेली. काम होतं, पैसे येत होते, बास.

खरी वाटचाल डिव्हायडेड ब्लास्टपासून. म्हणजे हवा विभागून देणं. ती ट्यूअरच्या (शेलमधल्या हवेच्या तोंडांच्या) एकाऐवजी दोन ओळींतून दिली तर तेवढ्याच तापमानाच्या धातूला कोक वीस ते तीस टक्के कमी लागतो, हे ब्रिटिश कास्ट आयर्न रिसर्च असोसिएशनने दाखवून दिलं होतं. आपल्याकडच्या छोट्या फाउंड्रीपर्यंत ते आलं स्विस सरकारच्या एसडीसी या संस्थेच्या मदतीने आणि टेरी या दिल्लीच्या ऊर्जा संशोधन संस्थेच्या कामातून. १९९८ मध्ये हावड्यात पहिली नमुना भट्टी सुरू झाली. पुढे जागतिक बँक आणि जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) यांच्या ऊर्जाबचत प्रकल्पात पाच क्लस्टर निवडले, त्यांत फाउंड्रीसाठी कोल्हापूर होतं. परदेशी पैशातून ऑडिट झाली, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) झाले. पण डीपीआरने कोक वाचत नाही. प्लेट कापून, वाकवून, वेल्ड करून भट्टी उभी करायला गावातलाच फॅब्रिकेटर लागतो, आणि त्याचं नाव अहवालात कुठे नसतं.

भट्टीचा हिशेब असा. आतल्या क्षेत्रफळाच्या दर चौरस फुटाला मिनिटाला ३७५ घनफूट हवा. तीस इंची भट्टीचं क्षेत्रफळ ४.९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १८४० घनफूट. गळती धरून ब्लोअर थोडा वरचा घ्या. दोन ओळींत अंतर साधारण एक मीटर. दोन्हींना हवा निम्मी निम्मी, आणि त्यासाठी प्रत्येक ओळीला वेगळा विंड बॉक्स (शेलभोवतीची हवेची पेटी), वेगळा व्हॉल्व्ह आणि हवा मोजायची सोय. आम्ही दोन्ही पाइपांत ओरिफिस प्लेट (मधे भोक असलेली चकती) बसवून पाण्याची यू-नळी लावून देतो. काचेची साधी नळी, पण भट्टीवाल्याला ती डोळ्यांनी दिसते. विंड बॉक्सचे जोड साबणाच्या पाण्याने तपासल्याशिवाय आम्ही भट्टी ताब्यात देत नाही.

आणि इथेच आमचा घात झाला. गावातल्याच एका प्रतिस्पर्ध्याने निम्म्या दरात ‘डबल ओळ’ द्यायला सुरुवात केली. जुन्याच विंड बॉक्सवरून एक पाइप वर न्यायचा, शेलला भोकं पाडायची, झालं डिव्हायडेड. ना व्हॉल्व्ह, ना मोजमाप. वरच्या ओळीच्या डोक्यावर कोक-लोखंडाचा थर कमी, अडथळा कमी, त्यामुळे हवा तिकडेच पळते. खालची ओळ उपाशी राहते आणि टॅप होलमधून, म्हणजे खालच्या तोंडातून, धातू थंड येतो. वरच्या ओळीभोवतीचं लायनिंग (आतलं अस्तर) मात्र खरवडून निघतं. त्यात बेड कोक, म्हणजे तळाचा कोकचा थर, जुन्याच उंचीचा. तो वरच्या ओळीच्या वर धरून मोजायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग वरची हवा कोकऐवजी लोखंडालाच जाळते, सिलिकॉन आणि मँगनीज उडतं, कास्टिंग चिल, म्हणजे फार कडक, होतं आणि मशीन शॉपमध्ये टूल तुटतात.

बोल कुणाला? डिव्हायडेड ब्लास्टला. ठरलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या, रोल केलेले शेल अंगणात गंजत पडले, कॅश क्रेडिट तुंबलं, चांगले वेल्डर कागलला गेले. निम्म्या दराची भट्टी लावून पस्तावलेल्यांपैकी एकानेही त्या शॉपचं नाव चारचौघांत घेतलं नाही, हे अजून खुपतं.

तगलो ते शिरोलीच्या अण्णांमुळे, आमची भट्टी वापरणाऱ्या फाउंड्रीवाल्यांमुळे. त्यांनी चार्जिंग डोअरपाशी वजनकाटा बसवला आणि प्रत्येक चार्जचं लोखंड, कोक आणि चुनखडी फळ्यावर खडूने लिहायची शिस्त लावली. आधी एका किलो कोकमागे सात किलो लोखंड वितळायचं, ते साडेनऊवर गेलं. शंका घेणाऱ्याला अण्णा फळ्यापुढे उभं करायचे, बोलायचे काही नाहीत. त्या फळ्याने आम्हाला पुन्हा ऑर्डरी मिळवून दिल्या.

विचारलं नाहीत तरी सांगतो : कोक पाट्या मोजून टाकू नका, वजनकाट्यावर तोलून टाका. तुकडा भट्टीच्या व्यासाच्या आठव्या ते दहाव्या भागाएवढा, तीस इंचीला तीन ते चार इंच. चुरा चाळून काढा. चुनखडी कोकच्या वजनाच्या पाव भागाहून थोडी जास्त. ट्यूअर ते चार्जिंग डोअर सोळा फुटांहून कमी असेल तर आधी भट्टीची उंची वाढवा. बुटक्या भट्टीत उष्णता चिमणीतून जाते आणि दोष मात्र आमच्या ट्यूअरला लागतो.

आता जो तो इंडक्शनकडे, म्हणजे विजेच्या भट्टीकडे, चाललाय, सोबत छतावर सोलर. २०१६ मध्ये जागतिक बँकेने छतावरच्या सोलरसाठी स्टेट बँकेमार्फत ६२.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं; अशा परदेशी निधीमुळे कारखानदाराला सोलरसाठी कर्ज मिळणं सोपं झालं. चांगलंच आहे, पण आकडे बघा. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शनला सुमारे ६०० युनिट लागतात. १०० किलोवॉटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४०० युनिटच्या आसपास देतं आणि आपल्या पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. म्हणजे दिवसाला टनभरही नाही. सोलरने बिल हलकं होतं. भट्टी ग्रिडवरच चालते. शिवाय सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पॅनेल ठोकू नका, आधी ट्रस तपासून घ्या. फाउंड्रीची काळी भुकटी पॅनेलवर बसते, ती सकाळी काच थंड असताना धुवा. आमच्याकडून सोलरचं स्ट्रक्चर घेणाऱ्याला आम्ही पत्र्यावर चालायची फळी आणि नळाची लाइन त्याच कोटेशनमध्ये धरून देतो.