जर्मन राहून अमेरिकन होताना

परदेशात राहणाऱ्या जर्मन नागरिकांच्या दृष्टीने २७ जून २०२४ ही तारीख किती मोलाची आहे, हे खुद्द जर्मनीत राहणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. त्या दिवशी जर्मनीचा सुधारित नागरिकत्व कायदा अमलात आला आणि स्वतःहून अर्ज करून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की जर्मन नागरिकत्व आपोआप संपते, हा १९१३ च्या कायद्यापासून चालत आलेला नियम रद्द झाला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः आठऐवजी पाच वर्षांत जर्मन नागरिकत्व मिळण्याच्या तरतुदीची आणि जर्मनीत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या तुर्की वंशाच्या कुटुंबांची. अटलांटिकच्या अलीकडे, अमेरिकेत राहून वर्षानुवर्षे ग्रीन कार्डवर अडकून पडलेल्या आमच्यासारख्यांचा उल्लेख क्वचितच आला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी जन्माने पुण्याची. शिक्षणासाठी श्टुटगार्टला गेले, तिथेच नोकरी लागली, लग्न झाले आणि २०१४ मध्ये मी जर्मन नागरिक झाले. त्यानंतर दोघांच्याही कामामुळे आम्ही अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिलला आलो. शेजारच्या स्पार्टनबर्ग परिसरात १९९४ पासून बीएमडब्ल्यूचा कारखाना चालू आहे आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग पुरवणाऱ्या अनेक जर्मन कंपन्या उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे इथल्या बेकरीत किंवा शाळेच्या फाटकापाशी जर्मन कानावर पडणे ही नवलाची गोष्ट नाही. या लोकांत नागरिकत्वाचा विषय निघाला की पूर्वी एक ठरावीक वाक्य ऐकू यायचे: ‘मुलांचे झाले आहे, आमचे राहू दे.’ मुले इथे जन्मली म्हणून अमेरिकन आणि आईवडिलांपैकी एक जर्मन म्हणून जर्मन. त्यांना कोणताही अर्ज करावा लागला नव्हता आणि म्हणूनच काही गमवावेही लागले नव्हते. अडचण होती ती मोठ्यांची.

जुन्या कायद्यात एक पळवाट होती, पण ती अरुंद होती. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेण्यापूर्वी जर्मन नागरिकत्व कायम ठेवण्याची लेखी परवानगी मिळवावी लागे. जर्मनमध्ये तिला ‘बाइबेहाल्टुंग्सगेनेमिगुंग’ असे लांबलचक नाव आहे. अर्ज वाणिज्य दूतावासामार्फत कोलोनच्या संघीय प्रशासन कार्यालयाकडे जाई, शुल्क २५५ युरो, परवानगीची मुदत दोन वर्षे, आणि शपथेच्या दिवशी ते प्रमाणपत्र हातात असणे आवश्यक. अर्जात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: जर्मनीशी आपले संबंध अजून टिकून आहेत आणि अमेरिकन नागरिकत्व न घेतल्याने आपले ठोस नुकसान होते आहे. २०२३ मध्ये आम्ही दोघांनी ही फाइल तयार करायला घेतली होती. पेन्शन विभागाचे वार्षिक पत्र, सासूबाईंच्या घरातील पतींच्या हिश्श्याचा नोंदणी-उतारा, बँकेची खाती, विमानाची जुनी तिकिटे, नातेवाइकांची पत्रे असे सगळे जेवणाच्या टेबलावर पसरलेले असे. माणसाचे आपल्या आईशी असलेले नाते कागदांच्या आधारे पटवून द्यावे लागणे मला फार क्लेशकारक वाटले होते आणि आजही वाटते.

त्या फाइलमागचे खरे कारण सासूबाईंचे आजारपण हेच होते. ग्रीन कार्डला कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना म्हणतात, पण त्याचा कायमपणा तुम्ही अमेरिकेत राहण्यावर अवलंबून असतो. सलग एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलात तर परतताना ते कार्ड पुरेसे ठरत नाही. आधीच पुनःप्रवेशाचा परवाना काढून ठेवला तरी तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. नागरिकत्वासाठीची मोजणी त्याहून कडक आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिले की सलग वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे झाले नाही हे तुम्हाला दाखवून द्यावे लागते. श्टुटगार्टजवळच्या गावात एकट्या राहणाऱ्या आईला पक्षाघात झाल्यावर माझे पती तिच्याजवळ राहायला गेले, तेव्हा आईची प्रकृती आणि कॅलेंडरवरची ती सहा महिन्यांची रेषा या दोन्हींकडे त्यांना सारखेच लक्ष ठेवावे लागले. आईला अजून आधाराची गरज असताना ते परत आले. दुहेरी नागरिकत्व म्हणजे विमानतळावरची सोय किंवा दोन्हीकडचे फायदे लाटण्याची युक्ती, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विचारात घ्यावा असे मला वाटते. स्थलांतरिताचे म्हातारे आईवडील एका देशात आणि वाढती मुले दुसऱ्या देशात असतात, आणि दोन्हीकडे हक्काने जाता-येता येणे ही त्याची सर्वांत साधी, सर्वांत निकडीची गरज असते.

ग्रीन कार्डपर्यंत पोहोचण्याची कथाही सांगण्यासारखी आहे, विशेषतः जर्मनीत स्थायिक होऊन पुढे अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक आहे. इथे ‘देश’ ठरतो तो जन्मस्थानावरून. आज तुमच्या हाती कोणता पासपोर्ट आहे याला काहीच अर्थ नसतो. त्यामुळे जर्मन नागरिक असूनही माझी गणना भारताच्या रांगेत झाली, आणि ती रांग दहा वर्षांहून अधिक मागे रेंगाळलेली आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, जर्मनीत जन्मलेल्या सहकाऱ्याचे काम तुलनेने लवकर आटोपले. आमची सुटका झाली ती कायद्यातील एका तरतुदीने: पती-पत्नी एकत्र अर्ज करत असतील तर दोघांपैकी कोणाच्याही जन्मदेशाच्या वाट्यातून ते मोजता येतात. पती जर्मनीत जन्मलेले, म्हणून मी जर्मनीच्या रांगेत आले. माझ्या जर्मन नागरिकत्वाने जे झाले नाही ते लग्नाच्या दाखल्याने झाले. भारतात जन्मलेली दोन माणसे जर्मन पासपोर्ट घेऊन अमेरिकेत गेली तर त्यांना हा मार्ग नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

आमची फाइल कोलोनला रवाना होण्याआधीच नव्या कायद्याचा मसुदा मंत्रिमंडळाने संमत केला. १९ जानेवारी २०२४ रोजी बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, आणि त्यानंतर फेब्रुवारीत बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहात तो मंजूर झाला. आम्ही थांबायचे ठरवले. ग्रीन कार्डला पाच वर्षे पूर्ण झाली तोवर कायदा अमलात आला होता, मग ऑनलाइन अर्ज भरला. शुल्क माणशी ७१० डॉलर. मुलाखतीत शंभर प्रश्नांच्या यादीतील दहा विचारले जात आणि सहा बरोबर यावे लागत. ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. अभ्यास केला तर ही परीक्षा मुळीच जड नाही. त्यापेक्षा मागच्या पाच वर्षांतील परदेश प्रवासाच्या तारखा जुळवणे कितीतरी अवघड.

शपथेविषयी मात्र मी पुष्कळ विचार केला. आतापर्यंत ज्या परकीय राजाचे, सत्तेचे वा राष्ट्राचे आपण नागरिक होतो त्याच्याविषयीची निष्ठा पूर्णपणे सोडत आहोत, असे शब्द त्या शपथेत आहेत. अमेरिकेचे सरकार त्यापुढे जाऊन जुना पासपोर्ट मागत नाही की त्या देशाकडून मुक्ततेचा दाखला आणायला सांगत नाही. जर्मन कायद्यानुसार नागरिकत्व सोडायचे तर जर्मन कार्यालयाकडे वेगळे लेखी निवेदन द्यावे लागते. अमेरिकन सभागृहात उच्चारलेल्या शब्दांनी ते सुटत नाही. कायद्याचे उत्तर इतके स्वच्छ आहे. पण मी जे बोलणार ते मला मनापासून बोलायचे होते. मी स्वतःशी असे ठरवले की या देशाचे कायदे पाळणे, कर भरणे, ज्युरीवर बोलावले तर जाणे, मतदान करणे आणि या देशाला धोका होईल असे काहीही न करणे ही माझी निष्ठा आहे आणि ती अविभक्त आहे. श्टुटगार्टमधील घराविषयीची ओढ तिच्या आड येत नाही. या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा ॲफ्रोयिम खटल्यातील निर्णय मला मोठा वाटतो: पोलंडमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन चित्रकाराने इस्रायलच्या निवडणुकीत मत दिले म्हणून सरकारने त्याचे नागरिकत्व संपले असे ठरवले होते, आणि न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की नागरिकाने स्वतः सोडल्याशिवाय सरकारला त्याचे नागरिकत्व काढून घेता येत नाही.

शपथविधीच्या सकाळी प्रवेशद्वारापाशीच्या टेबलावर ग्रीन कार्ड परत घेतात आणि समारंभानंतर नागरिकत्वाचे प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रावरील तारीख जर्मनांनी नीट पाहून ठेवावी, कारण पुढे जर्मन पासपोर्टचे नूतनीकरण करताना अटलांटाच्या जर्मन वाणिज्य दूतावासात तीच विचारली जाते. ती २७ जून २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर प्रश्न मिटला.

व्यवहारातील बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरावा लागतो. जर्मनीत प्रवेश करताना जर्मन. कराचा भाग मात्र गंभीर आहे. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते आणि परदेशातील सर्व खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची माहिती द्यावी लागते. ग्रीन कार्डधारकांनाही हे लागू असते, म्हणून सुरुवातीला फरक जाणवत नाही. पण उद्या आम्ही कायमचे श्टुटगार्टला परतलो तरी अमेरिकेत दरवर्षी विवरणपत्र भरणे सुटणार नाही. नागरिकत्व घेण्यापूर्वी प्रत्येकाने विचार करावा असा मुद्दा हाच आहे, असे माझे मत आहे. पेन्शनच्या बाबतीत उलट चित्र आहे: दोन्ही देशांमधील सामाजिक सुरक्षा करार १९७९ पासून लागू असल्याने एका देशात किमान वर्षे भरत नसतील तर दुसरीकडची वर्षे पात्रतेसाठी जमेस धरता येतात. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार अजून झालेला नाही.

मुलीच्या बाबतीत एक कलम आम्ही घरात लिहूनच ठेवले आहे. जर्मन आईवडिलांपैकी जे ३१ डिसेंबर १९९९ नंतर जर्मनीबाहेर जन्मले असतील त्यांचे मूलही बाहेरच जन्मले, तर त्याला जर्मन नागरिकत्व आपोआप मिळत नाही. जन्माच्या नोंदणीचा अर्ज वर्षभराच्या आत जर्मन कार्यालयात पोहोचावा लागतो. आमची मुलगी ग्रीनव्हिलला जन्मली आहे. तिला पुढे मुले झाली तर हे वर्ष तिने चुकवता कामा नये.

भारताचा विषय टाळून मला पुढे जाता येत नाही. २०१४ मध्ये मी जर्मन नागरिक झाले त्याच क्षणी १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार माझे भारतीय नागरिकत्व संपले. रद्द झाल्याचा शिक्का मारलेला निळा पासपोर्ट परत मिळाला, त्याबरोबर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळाले. ओसीआयला आपल्याकडे सर्रास दुहेरी नागरिकत्व म्हणतात, पण त्यात मताचा अधिकार नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते, एवढाच दिलासा. जर्मनीने दार उघडल्यानंतरही तिथल्या मराठी मुलामुलींना जर्मन नागरिकत्व घेताना भारतीय नागरिकत्व गमवावेच लागते, कारण आता अडसर भारताच्या कायद्याचा आहे. पुण्यात जर्मन शिकून दरवर्षी तिकडे जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींपुढे सातत्याने मांडावा, असे मला कळकळीने वाटते. दोनदा नागरिकत्व बदललेल्या माझ्यासारखीला त्यातला फरक चांगला ठाऊक आहे: एकदा बदलताना मागचे सारे हक्क गेले, दुसऱ्यांदा काहीच गेले नाही, आणि म्हणून माझी जर्मनीविषयीची आपुलकी कमी न होता उलट वाढली.

नव्या कायद्यात एक मोठा अन्याय शिल्लक आहे. तो पूर्वलक्षी नाही. आमच्या परिचयाची एक जर्मन स्त्री त्या तारखेच्या काही वर्षे आधी परवानगी न काढता अमेरिकन नागरिक झाली आणि पासपोर्टची मुदत संपल्यावर नूतनीकरणाला गेली तेव्हा तिला कळले की ती केव्हाच जर्मन राहिलेली नाही. अशांसाठी नागरिकत्व कायद्याच्या तेराव्या कलमाखाली पुन्हा अर्ज करण्याची सोय आहे, पण तो हक्क नव्हे. कोलोनचे कार्यालय जर्मनीशी असलेले संबंध आणि चरितार्थाची साधने तपासून स्वतःच्या विवेकाने निर्णय घेते. म्हणजे जी फाइल आम्हाला अखेर पाठवावी लागली नाही, तशीच फाइल आता ती जमवते आहे. आमच्याकडे तयार असलेली कागदपत्रांची यादी मी तिला दिली असून शनिवारी आम्ही दोघी तिच्या आईच्या जुन्या पत्रांच्या प्रती काढायला बसणार आहोत.