लाल महालाचे साल कोणते?

पुण्याच्या पेठांसाठी वारसा-पर्यटनाचे वेब अ‍ॅप्लिकेशन करायचे होते. गडकिल्ल्यांच्या कामासाठी जँगो या वेबसाइट बनवण्याच्या साधनावर उभारलेले फ्रेमवर्क, म्हणजे पुन्हा वापरता येणारा सांगाडा, आमच्याकडे तयार असल्याने विक्री विभागाने ग्राहकाला ‘नावे आणि फोटो बदलले की झाले’ असे सांगून टाकले होते. कोड वाचावा लागत नसला की माणूस असा उदार होतो.

डेमोला ग्राहकाने इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकांना सोबत आणले होते. लाल महालाच्या पानावर आजच्या वास्तूचे छायाचित्र आणि त्याखाली ‘बांधकाम : सतरावे शतक’ असे दिसताच सर म्हणाले, “ही इमारत महापालिकेने 1980च्या दशकात उभारलेली आहे. शहाजीराजांचा वाडा केव्हाच नामशेष झाला. तुम्ही साल नेमके कोणाचे देताय?”

आमच्या रचनेत एका स्थळाला एकच साल होते. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730ची, वास्तुशांत 1732ची आणि आग 1828ची. त्या एका रकान्यात यातले काय भरायचे? संग्रहालयांच्या जगात यासाठी सीआयडीओसी सीआरएम हे प्रारूप आहे, ज्याला आयएसओ 21127 या मानकाचा दर्जा आहे. त्यात काळ वास्तूला न जोडता घटनेला जोडतात. त्याच धर्तीवर मी बांधणे, वाढवणे, जळणे, पुन्हा उभारणे यांसाठी घटनांचे स्वतंत्र टेबल केले. नकाशा, शोध आणि भाषांतरे यांच्या मोड्यूलना हातही लावावा लागला नाही. फ्रेमवर्कची खरी किंमत इथे कळते, पण डेमोत तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

पालख्यांच्या मुक्कामालाही हेच टेबल उपयोगी पडले. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत विसावते, पण तारीख दर वर्षी सरकते : आषाढी एकादशी 2024 मध्ये 17 जुलैला होती, तर 2025 मध्ये 6 जुलैला. म्हणून घटनेला तारखेऐवजी तिथी देण्याची सोय केली. अधिक मासाचा हिशेब अर्थातच वेगळा ठेवावा लागला.

हा बदल फक्त पुण्यापुरता करावा, असा व्यवस्थापकांचा आग्रह होता. मी तो फ्रेमवर्कच्या गाभ्यातच केला, कारण पुढच्या गावातही जीर्णोद्धार झालेले देऊळ असणारच. आता गडांच्या जुन्या नोंदी नव्या टेबलात न्यायच्या आहेत, आणि तिथले सुटे साल बांधकाम सुरू झाल्याचे की संपल्याचे, हे नोंदींवरून कळत नाही. तूर्तास त्यांच्यापुढे घटनेचा प्रकार ‘अनिश्चित’ असा टाकला आहे. ग्राहकाला मात्र तो शब्द पानावर नको आहे.