सार्कोमियरचं मॉडेल, आठवडा ५: टी-नलिका उपटून पुन्हा बसवल्या

सार्कोमियर म्हणजे स्नायूतंतूतला आकुंचन पावणारा सर्वात लहान भाग. प्रमाण तेच आहे, १ मायक्रोमीटरला १० सेंमी.

मागच्या आठवड्यात बसवलेल्या सगळ्या टी-नलिका, म्हणजे तंतूच्या पृष्ठभागावरून आत जाणाऱ्या बारीक नळ्या, काढाव्या लागल्या. त्या झेड रेषेवर, म्हणजे सार्कोमियरच्या टोकाच्या सीमेवर, लावल्या होत्या, कारण समोर ठेवलेली आकृती बेडकाच्या स्नायूची होती. १९५८ साली हक्सली आणि टेलर यांनी बेडकाच्या तंतूला बारीक पिपेट टेकवून किंचित विद्युतप्रवाह दिला, तेव्हा आकुंचन झालं ते झेड रेषेवरच्या ठरावीक जागीच. पण मी बनवतोय सस्तन प्राण्याचा कंकाल स्नायू. त्यात या नलिका ए-पट्टा (मायोसिनच्या जाड धाग्यांचा) आणि आय-पट्टा (फक्त ॲक्टिनच्या बारीक धाग्यांचा) जुळतात तिथे असतात, म्हणजे एका सार्कोमियरला दोन.

नव्या जागा आखायला पट्टी लावली आणि थांबलोच. सार्कोमियर २४ सेंमी, मधोमध मायोसिन १६ सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ४-४ सेंमी मोकळे. ॲक्टिन झेड रेषेपासून १० सेंमी आत येतो. ४ ते १० एवढ्याच भागात दोघं शेजारी येतात, ओढाओढ तिथेच होते. आणि नलिका बरोबर ४ वर! आकुंचन सुरू करणारं कॅल्शियम जिथे लागणार, त्याच्या उंबरठ्यावरच ते सुटतं. इतकी वर्षं आकृत्या पाहिल्या, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आधीची ३ मिमीची भरीव तारही बदलली, आता पोकळ नळी आहे. ही नलिका म्हणजे आत वळलेलं पेशीपटलच. तिच्या पोकळीत पेशीबाहेरचाच द्रव असतो. ५० मायक्रोमीटरचा तंतू या प्रमाणात ५ मीटर जाड होतो. कॅल्शियम पृष्ठभागावरून मध्यापर्यंत झिरपेपर्यंत स्नायूला थांबता येत नाही, म्हणून विद्युत संदेशच नलिकांतून आत जातो.

सगळ्यात किचकट काम नलिका आणि कॅल्शियम साठवणारी सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमची जाळी यांमधल्या १.२ मिमीच्या फटीचं. तिथे रायनोडिन रिसेप्टरचे, म्हणजे जाळीतून कॅल्शियम सोडणाऱ्या दारांचे, ३ मिमीचे चौकोन चिमट्याने चिकटवले आणि एक सोडून एका चौकोनासमोर नलिकेवर चार ठिपके रंगवले. हे ठिपके डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टरचे, म्हणजे विद्युत संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांचे. संदेश आला की ते आकार बदलतात आणि समोरचं दार थेट उघडतात, बाहेरच्या कॅल्शियमची वाट न पाहता. हृदयाच्या स्नायूत मात्र आधी बाहेरून थोडं कॅल्शियम यावं लागतं.

आता ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाचे मणी, दर ३.८५ मिमीला एक. कॅल्शियम त्यांना चिकटलं की ॲक्टिनवरची पकडीची जागा झाकणारा ट्रोपोमायोसिनचा दोरा सरकतो आणि मायोसिनला ॲक्टिनवर पकड मिळते. एका दोऱ्यावर २६ मणी बसतात. पहिला दोरा ओवून झाला.